ताईंची पानं आणि बाइंडरचा अंगठा

बाइंडरला आपल्याच घराच्या बाहेरच्या खोलीत पाऊल टाकायची किळस वाटायला लागली, ती ताई राहायला आल्यापासून.

ताई म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. बस आगारातल्या चौकशीच्या खिडकीमागे त्यांचा सगळा जन्म गेला. गाडी गेली का? गेली. पुढची मिळेल का? नाही. समोरच्याच्या तोंडाकडे न बघता, चहाचा घोट मोडू न देता त्या उत्तर देत आणि म्हणत, "पुढचा." निवृत्त झाल्या, खिडकी सुटली, पण सवय सुटेना. एकटीला घर खायला उठतं म्हणून धाकट्या बहिणीकडे चार दिवसांसाठी आल्या आणि मुक्कामच ठोकला. येताना दोन बॅगा, गुडघ्याला चोळायचं मलम आणि टॅरोची, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांची, पानं घेऊन आल्या. मोबाइलवर बघून शिकल्या होत्या. भविष्यबिविष्य सांगण्याच्या भानगडीत त्या पडत नसत.

"लांबण लावायचं नाही," त्या म्हणत. "एक प्रश्न, एक पान. चित्र सुलट आलं तर हो, उलटं आलं तर नाही. पुढचा."

घरात टेबल एकच, जेवणाचं. सकाळची भांडी उचलली की ताई त्यावर गुलाबाच्या वासाची मेणबत्ती पेटवत. त्या वासाचं आणि मलमाच्या वासाचं लग्न लागून जे काही जन्माला येई, त्यापायी बाइंडर नाकाला रुमाल लावी. आणि पानं! प्रत्येक पान सुटं करायला ताई अंगठा जिभेला लावत. गल्लीतून प्रश्न विचारायला येऊन पुढे बसलेली बाई नाक पुसलेल्या हाताने तेच पान उचले, फळवाला रस लागलेल्या बोटांनी उचले, आणि दुपारी त्याच पानांवर ताईंचा डोळा लागला की तोंडातली लाळ ओघळून वरच्या पानावर छोटंसं तळं साचे. पानांच्या कडा काळ्या पडून फुगल्या होत्या. हात लावला की बोटाला चिकटत.

ज्या माणसाने उभं आयुष्य साबणाने हात धुतल्याशिवाय कागदाला हात लावला नाही, त्याच्या नशिबी हे आलं होतं.

बाइंडिंगच्या कारखान्यात तो पोरसवदा असताना लागला आणि केस पिकल्यावर बाहेर पडला. वस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वाचणाऱ्याला पुस्तक दिसलं पाहिजे, तुझा हात दिसता कामा नये." खळीचा डाग पडला की वस्ताद पुस्तक फेकत नसे, माणसाला फेके. पण डागापेक्षाही मोठं पाप एकच, फर्मा उलटा शिवणं. छापील कागदाची घडी घालून फर्मा होतो, असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. त्यातला एखादा डोकं खाली पाय वर असा गेला, की वाचणारा मधेच पुस्तक फिरवतो आणि बाइंडरला शिव्या घालतो. एका गड्याच्या हातून ते एकदा झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव 'शीर्षासन' पडलं. बिचारा पुढे सासरा झाला, आजोबा झाला, तरी शीर्षासनच राहिला.

त्या धास्तीने बाइंडरच्या उजव्या अंगठ्याला एक सवय जडली. गठ्ठा हातात आला की अंगठा कोपऱ्यावरून सर्रकन फिरे, उलटं असेल ते हाताला लागे, सुलट होऊन जागेवर जाई, आणि मग गठ्ठा टेबलावर ठोकून चारी कडा एकसारख्या. यात डोक्याचं काम काहीच नव्हतं. तो घराची वीजबिलंही तशीच ठेवी.

त्यालाही एक नाव पडलंच होतं, म्हणालतसे. आडनाव वाटावं असं. कारण काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं: तुम्ही म्हणाल तसं. हो म्हणावं तर उद्या गळ्याशी येईल, नाही म्हणावं तर समोरचा रागावेल. त्यापेक्षा हे बरं. त्याच कारखान्यात फर्म्यांच्या घड्या घालायला येणारी एक मुलगी त्याला आवडायची, पण विचारलं तिनेच. "लग्न करायचं का?" यावर हा म्हणाला, "तू म्हणशील तसं." तिला तेव्हा ते फार गोड वाटलं. पुढे घर कुठलं घ्यायचं, मुलीला परगावी नोकरीला पाठवायचं का, म्हाताऱ्या सासूला दवाखान्यात ठेवायचं की घरी, सगळ्याला हेच. लोक म्हणत, काय गरीब गाय नवरा मिळालाय! त्या गाईचं शेण काढता काढता बायकोचे हात भरून आले होते, ते कुणाला दिसत नव्हतं.

ताई आल्यावर संध्याकाळची एक पंचाईत झाली. ताटं मांडायची तर टेबलावर पानांचा पसारा. ताई पाय चोळत बसलेल्या. "भाऊजी, तेवढी पानं उचला की!" मग बाइंडर नाक मुरडून फडकं घेई, फडक्यात धरून पानं गोळा करी, अंगठा कोपऱ्यावरून फिरे, कडा ठोकल्या जात, आणि गठ्ठा खिडकीत जाऊन पडे. मग तो दोनदा हात धुई. तरी पहिला घास तोंडात घालताना गुलाब आणि मलम आठवेच.

आणि इकडे ताईंचं नाव वाढत चाललं. "ताईंची पानं कुणाला नाराज करत नाहीत," असं लोक म्हणायला लागले. औषधाच्या दुकानातल्या पोराने विचारलं, ती मला होकार देईल का? हो. त्याने विचारलं, तिने थोबाडीत दिली, आणि तो परत येऊन विचारता झाला, ती मनातून तर प्रेम करते ना? हो. गल्लीतल्या शिंपीणबाईंनी विचारलं, नवरा दारू सोडेल का? हो. नवऱ्याने काही सोडली नाही, पण शिंपीणबाईंनी भांडणं सोडली, कारण आता सोडणारच आहे तर कशाला तोंड वाजवा. बाइंडर आतल्या खोलीतून हे ऐके. अंगावर झुरळ चढावं तसं होई त्याला. एवढीएवढी जाणती माणसं, त्या चिकट पानाकडे आशाळभूतासारखी बघत बसलेली! आणि 'हो' ऐकलं की कसं तोंडाला पाणी सुटायचं एकेकाच्या, जसं काही ताटात पक्वान्न पडलंय.

मग बायकोच्या डोळ्यांचं निघालं.

आधी ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागली. मग टेबलाच्या कडेला ठेवलेली कपबशी तिच्या हाताने पडायला लागली. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. डावा डोळा बाजूने जवळजवळ गेलाय. गेलेली नजर परत यायची नाही, उजव्यात आहे ती राखायची. नुसते थेंब पुरेनासे झालेत, ऑपरेशन लवकर करून घ्या, दिवस घालवू नका.

रस्त्यात बायकोने त्याचा दंड धरला होता. आताशा ती धरूनच चाले.

"काय करू मी?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तसं."

तिने दंड सोडला नाही, पण पकड ढिली झाली. त्याला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून कुणी आलेलं नसताना, ती स्वतःच टेबलापाशी जाऊन बसली. बाइंडर दारात उभा राहिला.

"ताई, माझं पण एक पान काढ."

"तुझं? तू तर माझी टिंगल करायचीस."

"काढ गं."

ताईंनी पानं पिसली, अंगठा जिभेला लावला, गठ्ठा पसरला. "विचार."

"ऑपरेशन न करता, नुसत्या थेंबांवर माझा डोळा टिकेल का?"

तिने पान ओढलं. एका सुरईतून दुसऱ्या सुरईत पाणी ओतणारी बाई. सुलट.

"हो!" ताईंनी टाळी वाजवली. "आणि चित्र तरी बघ! थेंबच आलेत की साक्षात!"

बायकोच्या चेहऱ्यावर तेच आलं, जे शिंपीणबाईंच्या चेहऱ्यावर यायचं. तीच सैल, ओलसर खुशी. सोळा पानांच्या फर्म्यात एक रेघ वाकडी गेली तर जी पकडायची, ती ही बाई! तिने उठून दवाखान्यात फोन लावला आणि मिळालेली तारीख रद्द केली. तो ताईंवर चिडला, बायकोवर चिडला, त्या पाणी ओतणाऱ्या बाईवर तर फारच चिडला. आणि मोरीत जाऊन चूळ भरून आला.

त्या संध्याकाळी शिंपीणबाई अजून बसलेल्या होत्या. बाइंडर फडकं घेऊन पानं गोळा करत होता.

"ताई, तुमच्या पानांत 'नाही' येतच नाही का हो कधी?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"येतं की. पण माझ्या गठ्ठ्यात 'नाही' म्हणणारा एकच आहे." ताई गालात हसल्या. "दोरीने एका पायाला बांधून टांगलेला माणूस असतो बघा. त्याचं सुलट म्हणजे डोकं खाली, पाय वर. तसंच असतं ते चित्र. पण माझ्याकडे तो मेला येतो तो नेहमी उभा! डोकं वर करून! तो उभा दिसला की समजायचं, नाही. बाकी कुणाची माझ्यापुढे उलटं यायची हिंमत नाही. ही शक्ती असते हो, शिकून येत नाही."

बाइंडरचा अंगठा गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर होता. अंगठ्याखाली, नेमका त्या घटकेला, एक पान उलटं लागलं आणि त्याच्या हाताने ते फिरवलं. त्याने खाली पाहिलं. एका पायाने टांगलेला माणूस. आता तो उभा होता.

पानांवर अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. अक्षर असतं तर अंगठ्याने अक्षरावरून सुलट ठरवलं असतं. अक्षर नाही म्हणून अंगठ्याने माणसाचं डोकं बघितलं. ज्याचं डोकं खाली, तो उलटा. फिरव.

त्याने फडकं टाकलं आणि उघड्या हाताने एकेक पान चाळलं. सगळीच्या सगळी सुलट. राजे, राण्या, बुरूज, कुत्री, चंद्र, सगळे नीट डोकं वर करून. गल्लीभर वाटलेले सगळे 'हो' त्याने स्वतः, दररोज, ताटं मांडायच्या आधी, हाताने लावून ठेवले होते. औषधाच्या दुकानातल्या पोराची थोबाडीत त्याची. शिंपीणबाईंच्या नवऱ्याची बाटली त्याची. आणि सकाळची ती पाणी ओतणारी बाई.

"भाऊजी, काय झालं? पान हरवलं का?"

"नाही... काही नाही."

त्या दिवशी त्याने हात किती वेळा धुतले देव जाणे. साबण झिजला, पण चिकटपणा जाईना. ती पानं घाणेरडी होती हे तो इतके महिने सांगत आला होता, निदान स्वतःला तरी. आता तो आपल्या अंगठ्याकडे तसाच बघत होता, लांब धरून, दुसऱ्याचा असावा तसा. जन्मभर तोंडाने ज्याला एक 'हो' म्हणवला नाही, त्याच्या अंगठ्याने मागच्या दाराने एवढे 'हो' वाटले होते!

आता कुणी सरळ माणूस असता तर बायकोपाशी जाऊन बसला असता आणि झालं ते सांगून मोकळा झाला असता. पण म्हणालतसेंना सरळ रस्ता कधी दिसला होता? सकाळी ताई आंघोळीला गेल्या तशी त्याने सगळा गठ्ठा उचलला आणि उलटा फिरवून ठेवला. सगळ्यांची डोकी खाली. आता बायको परत विचारेल, 'नाही' येईल, ती ऑपरेशनला जाईल, आणि आपल्याला तोंड उघडायला नको.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत रणकंदन झालं. आल्या माणसाला 'नाही'.

"अहो, गेल्या महिन्यात तुम्ही हो म्हणाला होतात, सोडेल म्हणून!" शिंपीणबाई कडाडल्या.

"गेल्या महिन्यातली गाडी गेली," ताई म्हणाल्या. "पुढचा."

औषधाच्या दुकानातलं पोरगं तर रडवेलं होऊन मेणबत्ती पाडून गेलं. मेण टेबलावर सांडून वाळलं. बाइंडर नखाने ते खरवडायला म्हणून बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, "तू एकदा परत विचारून घे ना."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मान थोडी वळवून, कारण समोरून तो तिला आता अर्धाच दिसे. "तुमचा कधीपासून विश्वास बसला?"

"नाही, म्हणजे... आज पानं खरं बोलतायत असं दिसतंय."

"मला रात्रभर झोप नाही," ती बसत म्हणाली. "मलाही परत विचारायचंच होतं. घाबरून मी प्रश्नच पळपुटा विचारला असं वाटत होतं. आज नीट विचारते." आणि बाइंडरला काही कळायच्या आत तिने विचारलं, "मी ऑपरेशन करून घेऊ का?"

पान आलं. सूर्य. त्याचा हसरा चेहरा, हनुवटी वर, कपाळ खाली.

"नाही!" ताई म्हणाल्या. "काल थेंबांना हो, आज ऑपरेशनला नाही. बघ, एका शब्दात फरक नाही. पानं पक्की आहेत गं बाई माझी."

बायकोने डोळे मिटले आणि मोठ्ठा श्वास सोडला. सुटल्यासारखा. म्हणजे आता दोन्ही बाजूंनी दार लागलं. आणि ती उठायला लागली, उठताना तिचा हात मेणबत्तीच्या बशीवर पडला, कारण ती बशी तिला दिसलीच नव्हती.

"बस," बाइंडर म्हणाला.

"काय?"

"बस खाली. ती पानं मी लावलीत."

ताई हसल्या. "तुम्ही कधीपासून पानं लावायला लागलात भाऊजी?"

"रोज. रोज संध्याकाळी मी सगळी सुलट करतो. मुद्दाम नाही, हातच तसा जातो, हिला ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांना हो. तो टांगलेला माणूस उलटा वाटला म्हणून त्यालाही मीच उभा केला. आणि आज सकाळी सगळी उलटी करून ठेवली. बघा हवं तर." त्याने गठ्ठा चित्रं वर करून पसरला. राजे, राण्या, बुरूज, सगळे डोक्यावर. फक्त एक माणूस, एका पायाने टांगलेला, जसा असायला हवा तसा.

ताईंनी दोन-चार पानं उचलून पाहिली. मग त्यांचा पारा चढला. "चोर! घरचाच चोर! माझ्या विद्येत हात घातलात! अगं, ऐकतेस का तुझा नवरा काय म्हणतोय?"

बायको ऐकत होती.

"म्हणजे काल मला हो म्हणालात ते तुम्ही," ती म्हणाली. "आणि आज नाही म्हणालात तेही तुम्हीच."

"म्हणालो नाही गं. हात..."

"हात! लग्नाला तुमच्या तोंडून हो आलं नाही. पोरीच्या वेळी आलं नाही. माझी आई गेली तेव्हा तिला दवाखान्यात ठेवायला हवं होतं की घरी, ते मी अजून डोक्यात घोळवते आणि तुम्ही घोरता. मी या चिकट पानांपुढे येऊन बसले ते का? विश्वास होता म्हणून? मला कुणीतरी एक शब्द द्यायला हवा होता. बस. चूक का असेना." तिने त्याच्याकडे मान वळवली. "आता हाताने नको. तोंडाने सांगा. करू का ऑपरेशन?"

त्याच्या जिभेवर ते आलंच होतं. तू म्हण, इथपर्यंत ओठ झाले होते. आणि त्याने तिचा चेहरा पाहिला. ज्या नजरेने तो इतके महिने त्या पानांकडे बघत आला होता, फुगलेल्या, थुंकी लागलेल्या, बोटाला चिकटणाऱ्या, त्याच नजरेने ती त्याच्याकडे बघत होती. नाकपुडीसुद्धा तशीच वर गेलेली.

"हो," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"हो. कर. आजच फोन लावू."

"आणि बिघडलं तर? आहे तेही गेलं तर?"

या एका प्रश्नाला भिऊन तो जन्मभर गप्प बसला होता. "तर मी कर म्हटलं होतं म्हणून गेलं," तो म्हणाला. "रोज उठून माझ्या नावाने बोटं मोड. मी समोर बसेन."

बायकोने फोन त्याच्या पुढ्यात सरकवला. तारीख त्यानेच घेतली. पलीकडच्या मुलीने विचारलं, सकाळी चालेल का? तो क्षणभर अडखळला, मग म्हणाला, हो, सकाळी.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. "दिसतंय का?" त्याने विचारलं.

बायकोने त्याच्याकडे, खिडकीकडे, परत त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली, आणि त्याचा उतरलेला चेहरा बघून म्हणाली, "दिसतंय हो. होतं तेवढं आहे."

होतं तेवढं आहे, एवढंच. डावीकडच्या चौकटीला तिचा खांदा अजून आपटतो. थेंब तो घालतो, हात कोपरापर्यंत धुऊन.

ताई आठवडाभर रुसल्या आणि मग पुन्हा मेणबत्ती लावून बसल्या. लोकही आले. बाइंडरने सगळ्यांना खरं सांगून पाहिलं, शिंपीणबाई म्हणाल्या, "तुम्ही कशाला मधे मधे करता, एवढं चांगलं चाललं होतं." गुलाब, मलम, फळवाल्याची बोटं, सगळं होतं तसं.

संध्याकाळ झाली. ताटं मांडायची होती आणि टेबलावर पसारा पडला होता.

"भाऊजी," ताई पाय चोळत म्हणाल्या, "तेवढी पानं उचला की."

"नाही," बाइंडर म्हणाला.

ताईंनी बहिणीकडे पाहिलं. बहीण भात वाढायला वळली. मग ताईंनी कुरकुरत मलमाने बरबटलेला अंगठा जिभेला लावला, तोंड कडू केलं, आणि आपली पानं आपण गोळा केली, कशीही, कडा वाकड्या, काही सुलट, काही उलटी. बाइंडरचा अंगठा शिवशिवत होता. त्याने तो मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने ताट मांडलं.